हत्तीपाय, फूटव्हॉल्व्ह आणि रोबोटचा हात

'रोबोट' म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे टेक-फेस्टला आपण बनवतो तो लाइन फॉलोअर, जो ऐन स्पर्धेच्या वेळी लाइन सोडून भलतीकडेच पळतो. आणि दुसरा म्हणजे पिक्चरमधला, जो जग वाचवतो नाहीतर बुडवतो. पण या दोघांच्या मधला एक तिसरा रोबोट आहे. तो चालत नाही, बोलत नाही, स्वतःहून काहीच ठरवत नाही. तो फक्त डॉक्टरचा हात थरथरू देत नाही. या लेखात त्याची ओळख करून घ्यायची आहे, कारण ज्या रोगासाठी तो वापरला जातो तो रोग आपल्या गोंदिया जिल्ह्याला अगदी घरचा आहे.

गोरेगाव म्हटलं की बाहेरच्या पोरांना फिल्मसिटी आठवते. आमचं गोरेगाव गोंदिया-कोहमारा रस्त्यावरचं, तालुक्याचं गाव. आजूबाजूला धानाच्या बांध्या, बोड्या, तलाव. इथे हत्तीपाय हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. गोंदिया, भंडारा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळाच पट्टा हत्तीरोगाचा. बाजाराच्या दिवशी एक पाय खांबासारखा झालेला कोणीतरी म्हातारा माणूस दिसतो, आपण नजर वळवतो आणि पुढे जातो. आज जरा थांबून त्या पायाच्या आत काय चाललंय ते बघू. भिऊ नका, बायोलॉजी कमी आणि फ्लुइड मेकॅनिक्स जास्त आहे!

पायात पाणी साचतं कसं?

रक्त शरीरभर फिरतं हे आपण शाळेत शिकलो. पण अगदी बारीक केशवाहिन्यांमधून रक्तातलं थोडं पाणी आणि प्रथिनं सतत बाहेर पाझरत असतात. पेशींना त्याची गरजच असते. हे पाझरलेलं द्रव परत रक्तात नेऊन सोडण्यासाठी शरीरात एक वेगळी पाइपलाइन आहे. तिला लसीकासंस्था म्हणतात, डॉक्टर लोक 'लिम्फॅटिक सिस्टिम' म्हणतात. रोज साधारण दोन ते तीन लिटर द्रव या लाइनमधून वाहतं आणि मानेजवळच्या मोठ्या शिरांमध्ये जाऊन रक्ताला मिळतं.

आता प्रश्न असा, की पायाच्या अंगठ्यापासून मानेपर्यंत हे द्रव चढतं कसं? हृदयाचा पंप या लाइनला जोडलेला नाही. मग चढवतं कोण? लसीकावाहिनीचे छोटे छोटे तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकाला एक झडप असते. तुकडा आकुंचन पावतो, द्रव पुढच्या तुकड्यात जातं आणि मागची झडप बंद होते. थोडक्यात, एकामागे एक लावलेले शेकडो चिमुकले पंप आणि प्रत्येकाला एकेक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह!

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे लगेच कळेल. विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह खराब झाला की काय होतं? मोटर फिरते, आवाज येतो, पण पाणी पाइपातून खाली उतरून जातं. हत्तीपायात नेमकं हेच होतं.

जंत बसतो कुठे?

हत्तीरोगाच्या जंताचं नाव वुचेरेरिया बँक्रॉफ्टी. तो पसरवतो क्यूलेक्स जातीचा डास. पॅट्रिक मॅन्सन नावाच्या डॉक्टरने १८७७ साली चीनमधल्या अमॉय बंदरात दाखवून दिलं की या जंताची पिल्लं डासाच्या अंगात वाढतात. एखादा डास माणसाचा रोग वाहून नेतो ही कल्पनाच त्या काळी नवी होती. मलेरिया आणि डास यांचं नातं त्यानंतर वीस वर्षांनी, १८९७ साली, रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला सिद्ध केलं.

डासाच्या चाव्यातून आलेल्या अळ्या लसीकावाहिनीत जाऊन मोठ्या होतात. मादी जंत ८० ते १०० मिलिमीटर लांब, पण जाडी जेमतेम पाव मिलिमीटर. म्हणजे वीतभरापेक्षा कमी लांबीचा शिवणाचा दोराच समजा. हे जंत सहा ते आठ वर्षं जगतात आणि लाखो पिल्लं रक्तात सोडतात. ही पिल्लं दिवसा फुफ्फुसाच्या वाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री बाहेरच्या रक्तात येतात, कारण क्यूलेक्स डास रात्रीच चावतो. काय टायमिंग आहे बघा! म्हणून तर आरोग्य खात्याचे लोक हत्तीरोगासाठी रक्ताचा नमुना घ्यायला रात्री दारात येतात. त्यांना 'ही काय वेळ आहे?' म्हणून हाकलून देऊ नका, वेळ त्यांनी नाही, जंताने ठरवली आहे.

जिवंत जंत वाहिनीत वळवळत राहतात तेव्हा वाहिनी हळूहळू रुंद होत जाते. रुंद झाली की झडपेची दोन पानं एकमेकांना टेकत नाहीत. फूटव्हॉल्व्ह गळायला लागला! द्रव वर चढण्याऐवजी खाली साचतं. आणि साचलेल्या, प्रथिनांनी भरलेल्या द्रवात जंतूंची चंगळ होते. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या, टाचेला भेग पडली, की तिथून जंतू आत शिरतात. ताप येतो, थंडी वाजते, पाय लालबुंद होऊन ठणकतो. आठवडाभराने ताप उतरतो, पण प्रत्येक वेळी आणखी काही वाहिन्या कायमच्या बुजतात आणि कातडी जाड होते. असे झटके वर्षानुवर्षं येत राहिले की पायाचा खांब होतो.

म्हणजे इथे दोन गुन्हेगार आहेत. जंत सुरुवात करतो, पण पाय खऱ्या अर्थाने बिघडवतात ते जंतू. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची आहे.

बायपास काढायचा

इंजिनिअरला विचारलं की 'मुख्य लाइन चोकअप झाली आहे, पाणी तुंबलंय, काय कराल?' तर तो म्हणेल, बायपास काढा. डॉक्टरांनीही तेच केलं. लसीकावाहिनी वर मानेपर्यंत नेऊन शेवटी शिरेलाच मिळवायची आहे ना? मग इतक्या लांब कशाला जायचं? पायातच जवळची एखादी बारीक शीर शोधा आणि लसीकावाहिनी तिला जोडून टाका. द्रव शॉर्टकटने रक्तात जाईल. या शस्त्रक्रियेला 'लिम्फोव्हीनस ॲनास्टोमोसिस' म्हणतात. आपण 'लसीका-शीर जोड' म्हणू.

ही कल्पना नवी नाही. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या ओब्रायन यांनी १९७७ साली सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या अशा जोडण्यांचा अहवाल दिला. आपल्या देशातही १९८१ साली तंजावरच्या डॉ. एस. जमाल यांनी हत्तीरोगाच्याच रुग्णांवर केलेल्या अशा जोडण्यांविषयी लिहिलं. तंजावर म्हणजे आपल्या मराठी राजांचं तंजावर बरं का! आणि १९९० च्या दशकात जपानच्या डॉ. इसाओ कोशिमा यांनी हे तंत्र आणखी बारीक वाहिन्यांपर्यंत नेलं. त्याला आज 'सुपरमायक्रोसर्जरी' म्हणतात.

'सुपर' का? आकडे बघा. वाहिनीचा व्यास ०.३ ते ०.८ मिलिमीटर. सुईची जाडी ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. दोरा तर त्याहून बारीक, नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. आणि वाहिनी कशी, तर पाण्याने भरलेली, पारदर्शक, भिजलेल्या टिश्यू पेपरसारखी. ती कापायची, शिरेच्या तोंडाला तोंड लावायचं आणि गोलाकार पाच-सात टाके घालायचे. एखादा टाका चुकून समोरच्या भिंतीसोबत मागच्या भिंतीतूनही गेला तर तोंडच शिवलं गेलं, प्रवाह शून्य!

इथे आपला हेगेन-पॉइझेलचा नियम आठवा. नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. टाके घालताना जोडाचं तोंड अर्धं जरी आवळलं गेलं तरी तिथून द्रव जायची सोय निम्मी होत नाही, एक षोडशांश होते. परीक्षेत पाच मार्कांसाठी पाठ केलेलं हे सूत्र कुणाच्या तरी पायात असं जिवंत होऊन बसलेलं असतं.

ती शीर आणि ती वाहिनी डॉक्टरला सापडते कशी, तेही मजेशीर आहे. बोटांच्या बेचक्यात इंडोसायनिन ग्रीन नावाच्या रंगाचं इंजेक्शन देतात आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्याने पायाकडे बघतात. निरोगी वाहिन्या पडद्यावर चकचकीत सरळ रेघांसारख्या दिसतात. जिथे झडपा गळत आहेत तिथे रेघ फुटून ढग पसरल्यासारखा दिसतो. रेघ जिथे अजून शाबूत आहे तिथे पेनाने खूण करायची आणि तिथेच कापायचं. दोन-तीन सेंटिमीटरची चीर पुरते.

रोबोट नक्की करतो काय?

आता आपल्या हिरोची एन्ट्री. आपला हात आपल्याला स्थिर वाटतो, पण तो कधीच स्थिर नसतो. तरण्याताठ्या माणसाचाही हात सेकंदाला ८ ते १२ वेळा बारीक थरथरतो. वायव्हाच्या आधी तर विचारूच नका! ही थरथर चहाचा कप धरताना जाणवत नाही, पण ज्या जागी सुईच ५० मायक्रॉनची आहे तिथे ती भूकंपासारखी. म्हणून सुपरमायक्रोसर्जरी करू शकणारे हात जगात मोजकेच. तेही वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार झालेले.

रोबोट या हाताला दोन गोष्टी देतो. पहिली, थरथर गाळणं. डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून किंवा पडद्यावर बघत दोन हातांत चिमट्यासारख्या कांड्या धरतो. त्याच्या हालचाली सेन्सर टिपतात. डॉक्टरची हेतुपूर्वक केलेली हालचाल संथ असते, थरथर जलद असते. संथ सिग्नल पुढे जाऊ द्यायचा, जलद सिग्नल अडवायचा. ओळखीचं वाटलं ना? लो-पास फिल्टर! लॅबमध्ये रेझिस्टर आणि कपॅसिटर लावून आपण जो काढतो त्याचाच हा मोठा भाऊ.

दुसरी गोष्ट म्हणजे हालचाल लहान करणं. डॉक्टरने हात १ सेंटिमीटर हलवला तर रोबोटचा चिमटा १ मिलिमीटरच हलतो. कमी-जास्त करता येतं. इटलीच्या 'सिमानी' या यंत्रात हे प्रमाण ७ पटींपासून २० पटींपर्यंत ठेवता येतं. गिअरबॉक्सने वेग कमी करतो तसंच हे, फक्त दातांच्या जागी सॉफ्टवेअर.

एवढंच. तो स्वतः टाका घालत नाही, कुठे कापायचं ते ठरवत नाही. डॉक्टर नसेल तर तो लाखमोलाचा खुर्ची-टेबल आहे. आणि त्याची एक उणीवही आहे. दोरा किती ताणला गेलाय हे या यंत्रांतून बोटांना जाणवत नाही, ते डोळ्यांनीच ओळखावं लागतं. कंट्रोल सिस्टिम्स मन लावून शिकणाऱ्यांसाठी इथे काम शिल्लक आहे.

मास्ट्रिख्टचा प्रयोग

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या मायक्रोशुअर कंपनीने 'मुसा' नावाचा असा रोबोट बनवला. मास्ट्रिख्टच्या विद्यापीठ रुग्णालयात डॉ. टॉम व्हान मुल्केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वापरून बघितला. २० स्त्रिया निवडल्या. या सगळ्यांना स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारानंतर हाताला सूज आलेली होती. (काखेतल्या गाठी काढल्या किंवा रेडिएशन दिलं तर तिथल्या लसीकावाहिन्या तुटतात. जंत नाही, पण परिणाम तोच.) चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी झाली. ८ जणींवर रोबोटने आणि १२ जणींवर नेहमीप्रमाणे हाताने जोड केला. निष्कर्ष २०२० साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये छापून आले.

काय निघालं? तीन महिन्यांनी रुग्णांची तब्येत सुधारलेली दिसली. रोबोट सुरक्षित ठरला. पण वेळ मात्र हातापेक्षा रोबोटला जास्त लागला! फक्त एवढंच, की एक जोड करायला सुरुवातीला ३३ मिनिटं लागत होती, ती सरावाने १६ मिनिटांवर आली. म्हणजे रोबोट तरबेज डॉक्टरपेक्षा भारी नाही. मात्र चांगल्या डॉक्टरला तो लवकर तरबेज करू शकेल, अशी आशा यातून वाटते. सिमानीला युरोपात २०१९ साली आणि अमेरिकेत २०२४ साली परवानगी मिळाली.

गोरेगावच्या पायाला याचा काय उपयोग?

हा प्रश्न विचारला नाही तर लेख नुसता 'जनरल नॉलेज' होईल. प्रामाणिक उत्तर असं आहे की बाजारात दिसणाऱ्या त्या खांबासारख्या पायाला हा रोबोट फारसं काही देऊ शकत नाही. जोड करायला वाहणारी वाहिनी शिल्लक लागते. पाय दगडासारखा घट्ट झाला म्हणजे कॅमेऱ्यात रेघा दिसतच नाहीत, सगळीकडे ढग. बायपास काढायचा तर मुळात रस्ता हवा ना! सूज नुकतीच आली आहे, सकाळी उतरते आणि संध्याकाळी चढते, दाबल्यावर खड्डा पडतो, अशा वेळी या शस्त्रक्रियेचा उपयोग सर्वात जास्त. आणि नेमक्या त्याच वेळी आपल्याकडचा माणूस 'रोवणीत उभं राहून पाय सुजला असेल' म्हणून घरी बसतो.

शस्त्रक्रियेनंतरही पट्टी बांधणं, पाय जपणं सुटत नाही. तेव्हा रोबोट येवो न येवो, जे करायचं ते आधी घरीच करावं लागतं. त्याला लागतं काय? टब, मग, टॉवेल, साबण आणि बुरशीचं मलम. आरोग्य खातं हत्तीपायाच्या रुग्णांना देतं त्या किटमध्ये हेच असतं. हसू नका. मघाशी आपण बघितलं की पाय खरा बिघडवतात ते जंतू. रोज साबणाने पाय धुतला, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या केल्या, चिखल्यांना मलम लावलं, बसताना पाय उंच ठेवला, अनवाणी हिंडणं टाळलं, की जंतूंची वाटच बंद होते. ताप-ठणक्याचे झटके कमी होतात आणि पाय आहे तिथे थांबतो. घोट्याचा साधा वर-खाली व्यायामही उपयोगी, कारण पोटरीचा स्नायू दाबला गेला की लसीकेला आपोआप ढकलणी मिळते. विजेशिवाय चालणारा पंप!

आणि एक गोष्ट, जी मुलांच्या होस्टेलमध्येसुद्धा कोणी मोठ्याने बोलत नाही. हत्तीरोग फक्त पायाला होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने हत्तीरोगामुळे सूज आलेले लोक दीड कोटीच्या वर आहेत, पण अंडवृद्धी झालेले पुरुष अडीच कोटी आहेत. लाजेपायी वर्षानुवर्षं धोतराआड लपवलेला हा आजार साध्या ऑपरेशनने बरा होतो. त्याला रोबोट लागत नाही, फक्त दवाखान्याची पायरी चढावी लागते.

सर्वात स्वस्त इंजिनिअरिंग

आता शेवटचा आणि आपल्या सगळ्यांचा मुद्दा. फूटव्हॉल्व्ह खराब झाल्यावर दुरुस्ती शोधण्यापेक्षा तो खराबच होऊ न देणं केव्हाही स्वस्त. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. बी. सी. हरिनाथ यांच्या गटाने हत्तीरोगाच्या रक्ततपासणीवर वर्षानुवर्षं संशोधन केलं. २०१९ साली देशात तीन औषधांची नवी पद्धत ज्या मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाली त्यात नागपूर होतं. म्हणजे या लढाईत विदर्भ पहिल्या फळीत आहे.

मोहिमेत डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या गोळ्या देतात आणि तीन औषधांच्या पद्धतीत सोबत आयव्हरमेक्टिनही. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया आणि खूप आजारी माणसं सोडून सगळ्यांनी त्या घ्यायच्या असतात. जेवण झाल्यावर, वाटणाऱ्या ताईंच्या समोरच. 'मला काही झालेलं नाही, मी कशाला खाऊ?' असं आपण म्हणतो. पण लहानपणी शिरलेला जंत पायावर दिसायला कितीतरी वर्षं लागतात. विशीत आपण ठणठणीत दिसतो आणि रात्रीच्या रक्तात मात्र पिल्लं फिरत असू शकतात. गोळी खाल्ल्यावर कुणाला ताप आला, डोकं दुखलं, तर तो बहुतेक वेळा मेलेल्या पिल्लांचा परिणाम असतो. म्हणजे गोळीची खरी गरज त्यालाच होती!

एका वर्षी खाऊन का भागत नाही? कारण गोळ्या पिल्लांना मारतात, सगळ्या मोठ्या जंतांना नाही. मोठे जंत सहा-आठ वर्षं जगतात. दरवर्षी पिल्लं मारत राहिलो तर डासाला उचलायला काही मिळत नाही आणि जंत म्हातारे होऊन मरतात. पण त्यासाठी दर फेरीला एकूण लोकसंख्येच्या किमान ६५ टक्के लोकांनी गोळ्या खरोखर गिळायला हव्यात. वाटप झालं म्हणजे गिळल्या असं नाही. कितीतरी होस्टेलांत त्या खिडकीच्या कठड्यावर, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आणि सरळ कचरापेटीत सापडतात. २०२७ पर्यंत हत्तीरोग संपवायचं देशाचं उद्दिष्ट आहे. ते कागदावर गाठायचं की पायावर, हे त्या ड्रॉवरमध्ये ठरतं.

डासांबद्दलही एक गैरसमज काढून टाका. आपण धानाच्या बांध्यांना दोष देतो. पण हा क्यूलेक्स डास घाण, तुंबलेल्या पाण्याचा शौकीन आहे. गटारं, नाल्या, संडासाची टाकी, मेसच्या मागचं सांडपाण्याचं डबकं, ही त्याची घरं. संडासाच्या टाकीच्या गॅस पाइपला वर जाळी बांधली की त्या टाकीतून निघणारे डास तिथेच अडकतात. जाळीचा एक तुकडा आणि हातभर तार, इतकाच खर्च. एन.एस.एस.च्या कॅम्पला झाडं लावून फोटो काढतोच आपण, यंदा आधी आपल्या होस्टेलचे, मग जवळच्या गावातले पाइप मोजायला काय हरकत आहे?

मास्ट्रिख्टचा रोबोट थक्क करणारा आहे आणि आपल्यापैकी कुणी पुढे त्याहून चांगला, स्वस्त रोबोट बनवला तर तो गोंदियाच्या दवाखान्यातही येईल. पण तोवर, ताई गोळ्या घेऊन होस्टेलवर आल्या की जेवण करून रांगेत उभे राहा आणि गोळ्या त्यांच्यासमोरच गिळा. रूममेट झोपला असेल तर त्यालाही उठवा.